आप्पांच्या कागदी पट्ट्या

आप्पा रोज सकाळी साडेसातला आमच्याकडे यायचे, ते भिंतीला भेटायला. चपला दारात, चष्मा नाकावर, "आक्का, उठू नगा" असं आईला बजावून थेट तिच्या खाटेमागच्या भिंतीपाशी. तिथल्या भेगेवर त्यांनी पतंगाच्या कागदाची बोटभर पट्टी खळीने आडवी चिकटवली होती. खाली पेन्सिलीने तारीख. "भिंत बोलत न्हाय पोरी, कागूद बोलतोय. फाटला की समजायचं, भिंत हालली." ओळीतल्या घरोघरी अशा पट्ट्या होत्या. लोक हसायचे. मीही हसायचे, पण त्यांच्या येण्याआधी एकदा गुपचूप बघून घ्यायचे.

आमची ओळ जुनी. एके काळी लोक हवापालटासाठी बेळगावात महिना-महिना येऊन राहायचे, त्यांच्यासाठी बांधलेली ही आठ घरं. शेजारच्या दोन घरांत मिळून एकच भिंत, सगळ्यांवर मिळून एकच कौलारू छप्पर. पुढे पाहुणे यायचे थांबले आणि भाडेकरूच मालक झाले. आम्ही पाच नंबरात, आप्पा सहात. बांधकामांवर देखरेख करण्यात त्यांची हयात गेली होती. बायको वारली, मुलगी निपाणीला दिली. आता ही ओळच त्यांचा संसार.

चार नंबर विकलं गेलं आणि पाडायला घेतलं, तेव्हा आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. चारच्या आणि आमच्या तुळया आईच्या खाटेमागच्या त्या एकाच भिंतीत बसवलेल्या. त्या कापून काढायच्या, ओढायच्या नाहीत, हे ते रोज सांगायचे. मजुरांनी दोर लावला की रस्त्यातूनच "ब्याड, ब्याड!" असं कानडीत 'नको, नको' ओरडत धावायचे. कंत्राटदार मान डोलवायचा आणि त्यांची पाठ फिरली की पुन्हा दोर.

"आक्काची खाट हलीव," हा त्यांचा दुसरा धोशा. आईचा एक पाय अर्धांगाने गेलेला. खिडकीजवळची ती जागा सोडायला ती बधत नव्हती आणि आप्पांचं ऐकून तिचा रक्तदाब वाढायचा. त्यांची मुलगी फोनवर म्हणायची, "ताई, आप्पांच्या जिवाला घोर लावू नका, छातीत दुखतंय त्यांच्या." खरं सांगायचं तर मला त्यांचा राग येऊ लागला होता.

एका मंगळवारी सातला बघितलं, तर पट्टी मधोमध फाटलेली. आता आरडाओरडा होणार, आई घाबरणार, आप्पांच्या छातीत कळ येणार, आणि शाळेत माझ्या वर्गाची परीक्षा. मी चमचाभर पिठाची खळ केली, नवी पट्टी डकवली आणि जुनीच तारीख घातली.

आप्पा आले. बराच वेळ बघत राहिले, बोट फिरवलं. "हां, शाबूत हाय," म्हणाले, आणि कधी नव्हे ते बसून चहा प्यायले.

शाळेत प्रश्नपत्रिका वाटता वाटता मी मध्येच थांबले. भिंतीवर लक्ष ठेवणारा एकच माणूस होता, त्यालाच मी निश्चिंत केलं होतं, आणि आई त्या भिंतीखाली पडून होती. अर्ध्या दिवसाची रजा टाकून रिक्षाने घरी आले. खाट रिकामी. मी किंचाळलेच.

"हिकडं हाय गं!" सहा नंबरातून आप्पांचा आवाज आला. आई त्यांच्या पलंगावर बसून वाटाणे सोलत होती. चार नंबरच्याच दोन मजुरांकडून त्यांनी तिला खुर्चीवर उचलून आणवलं होतं.

"छातीत दुखतंय, एकट्याला भ्या वाटतंय म्हणाले," आई कौतुकाने सांगत होती. "चार दिवस सोबतीला राहते."

मी त्यांना अंगणात गाठलं. "आप्पा, ती पट्टी..."

"खळ वली हुती," ते हळूच म्हणाले.

"मग मला बोलला का नाहीत?"

"तू भ्यालीस म्हणून लावलीस. भ्यालेल्या माणसावर वरडून काय हुतंय? आदी माणूस हलवायचं."

गुरुवारी दुपारी भिंत आईच्या खाटेवर कोसळली. कुणाला खरचटलंही नाही.

यंदा आप्पा निपाणीला मुलीकडे गेले. गणपतीनंतर फोन आला, छातीतल्या कळेनंच गेले. आईने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. "माझ्या सोबतीनं त्यांना किती धीर आला होता," असं येईल त्याला सांगते आणि डोळे पुसते. मी शेजारी बसून ऐकते. तिला खरं सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.