अंबाडीचा वानोळा

वानोळा म्हणजे काय हे आता लोकांना समजावून सांगावं लागतं, याचाच मला आधी राग येतो. वाडीतला पहिला तोडा निघाला, वांगी असोत की मेथी, की बाजारात नेण्याआधी त्यातलं थोडं शेजाऱ्यांच्या घरी पोचवायचं. तो वानोळा. देणाऱ्याने तो मोजायचा नाही, घेणाऱ्याने किंमत विचारायची नाही. आणि ज्या भांड्यातून आला ते भांडं रिकामं परत करायचं नाही. घरात काहीच नसेल तर चार दाणे ज्वारीचे टाकायचे, चिमूटभर साखर टाकायची. आमच्या माळीपुऱ्यात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

माळीपुरा आदिलाबादच्या अगदी कडेला होता, ओढ्याला लागून. वीस-पंचवीस घरं, सगळी आमच्यासारख्या मराठी माळ्यांची, आणि प्रत्येकाच्या मागे भाजीची वाडी. शेवटचं घर आमचं. जमीन सरकारी. माझ्या बापाने तिथल्या बाभळी तोडल्या, विहीर खणली, कुडाच्या भिंती उभ्या करून वर टिनं टाकली. मी सहा वर्षांची असताना तो तापाने गेला. तहसीलच्या कागदात त्याच्या नावापुढे ‘काबीज’ लिहिलेलं होतं, म्हणजे ताबा ज्याचा तो. निजामाच्या वेळचा शब्द. माझी माय तो असा उच्चारायची की जणू माझा बाप तहसीलदारच होता. “तुहा बाप काबीज होता वं,” म्हणायची आणि पदर सावरायची.

मी दहा वर्षांची असेन तेव्हा आमच्या वाडीसमोर पहिला बंगला उठला. कुठल्याशा सरकारी खात्यातले इंजिनिअर होते, समुद्राकडच्या जिल्ह्यातून बदलून आलेले. गच्ची, जाळीचं फाटक, फाटकाला घंटी. माय रोज हात कमरेवर ठेवून बघत उभी राहायची. तिला बंगल्याचं काही नव्हतं, शेजार आला याचाच आनंद. पावसाळ्यात अंबाडीचा पहिला तोडा निघाला तशी तिने सगळ्यात आधी त्यांच्यासाठी बाजूला काढला. आमच्याकडे एकच पितळी गंज होता धड, त्यात भरला.

“जाय, देऊन ये. माहे हात चिखलाचे हायेत. म्हनाव, वानोळा हाये.”

मला पाठवलं कारण मला तेलुगू येत होती. मी तेलुगू शाळेत जात होते. आमच्या भागात तीच जवळ होती. घरात मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात हिंदी. तिन्हीत पटापट बोलायचे आणि त्याची मला भारी घमेंड होती.

बंगल्यातली बाई फाटकाशी आली. गोरी, केसांत मोगऱ्याचा गजरा, अंगाला पावडरीचा वास. मी गंज पुढे केला आणि तेलुगूत म्हणाले, “पुंटिकूर.” आदिलाबादेत अंबाडीला हेच म्हणतात. ती हसली. वाईट हसली नाही, पण हसली. आत कुणाला तरी हाक मारून माझा शब्द तिने जसाच्या तसा म्हणून दाखवला आणि आतूनही हसण्याचा आवाज आला. मग मला म्हणाली, “गोंगूरा म्हणायचं, गोंगूरा.” त्या दिवशी मला कळलं की तेलुगूतही वरचं आणि खालचं असतं आणि मी खालचं शिकून बसले आहे. कान तापले माझे.

मग तिने विचारलं, “एंत?” म्हणजे कितीला.

मला वानोळ्याला तेलुगू शब्द येत नव्हता. शाळेच्या पुस्तकात नव्हता तो. दोन वाक्यांत सांगता आलं असतं, की हे विकायचं नाही, तुम्ही शेजारी आहात म्हणून मायने पाठवलं. पण पुन्हा तोंड उघडलं आणि पुन्हा हसली तर? शिवाय शाळेतल्या एका पोरीच्या वेणीत लाल रिबीन होती, ती मला महिनाभर झोपू देत नव्हती. मी म्हणाले, दोन रुपये.

तिने भाजी ओतून घेतली आणि गंजात दोन रुपये टाकले.

माय बांधावर उभी होती. गंजात बघून म्हणाली, “हे काय वं?” मी म्हणाले, “तिनं भांडं रिकामं नाई देल्लं.” बापा! मायचा चेहरा काय फुलला. “पाय! आंध्राची बाई हाये, पन रीत ठाऊक हाये तिले. आपल्यावानीच मानसं हायेत.” पैसे तिने माझ्याच मुठीत दिले. लेकराच्या हाती आलेलं लेकराचंच, म्हणाली. मी रिबीन आणली. चार दिवसांत तिचा रंग गेला.

पुढे माय स्वतःच जायला लागली. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, दोघी हसून काम भागवायच्या. बाई गंजात नाणं टाकायची, माय कपाळाला लावायची. बाईने खुणेनं सांगितलं की भेंडी आण, तर माय म्हणे, “हक्कानं मांगते, शेजारीन हाये.” बाईने सांगितलं, पुढच्या फाटकाने नको, मागच्या दाराने ये. त्यावरही माय खूश. “परका मानूस समोरून येते. घरचं मानूस मांगच्या दारानं.” संक्रांतीला ती हळदी-कुंकवाचं बोलावणं द्यायला गेली. बाईला वाटलं सणाचं काही मागते आहे. तिने आतून जुनं लुगडं आणून हातावर ठेवलं. मायने ते आहेर म्हणून पेटीत जपलं. मी सगळं बघत होते. एकदाही बोलले नाही. आधी रिबिनीची भीती होती, मग मायच्या चेहऱ्याची.

आणि आम्ही तरी काय धुतल्या तांदळाचे होतो? उटनूरकडून एक गोंड बाई लाकडाची मोळी घेऊन यायची. आमच्या ओट्यावर टेकायची, पाणी प्यायची. कधीतरी पदरातून मूठभर चारोळी काढून माझ्या हातावर ठेवायची. मायने तिला पाण्यासाठी वेगळा टमरेल ठेवला होता आणि तिचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. लाकडंवाली म्हणायचो. ती चारोळीही वानोळाच होती, हे मला फार उशिरा सुचलं.

एका बंगल्याचे दहा झाले, दहाचे तीस. माळीपुऱ्यातली माणसं एकेक करून आपली जागा बंगलेवाल्यांना देऊन निघाली. कुणी मुधोळला सोयऱ्यांकडे गेलं, कुणी गावातच दोन खोल्या घेऊन बसलं आणि आम्हालाच शहाणपण शिकवू लागलं की काऊन चिकटून राह्यल्या तिथं. मग कॉलनीने भिंत घातली. पुरुषभर उंच, वर काचा खोवलेल्या. आमचं घर आणि वाडी भिंतीच्या मागे ओढ्याकडे राहिली. ज्या बाईच्या फाटकाशी मी पन्नास पावलांत पोचायचे, तिच्याकडे जायला मायला आता अख्ख्या कॉलनीला वळसा पडायचा. रस्त्यावर पाटी लागली, देवाचं नाव आणि पुढे ‘नगर’. दोन वर्षांत टपालवालाही विसरला की इथे माळीपुरा होता. आमच्या शेणखताचा वास येतो म्हणून कॉलनीच्या कमिटीचा निरोप आला. निरोप तेलुगूत लिहिलेला होता. मायला मी सांगितलं की पाऊस जास्त झाला तर पाणी तुंबतं, तेवढं बघा म्हणतात.

नव्वदीच्या मध्यावर बातमी आली की सरकारी जमिनीवर जे आधीपासून राहतात त्यांना घरजागेचा पट्टा मिळणार. आणि जे राहत नाहीत, नुसती जागा अडवून बसलेत, त्यांचं काढून टाकणार. कॉलनीवाल्यांना आमच्या जागी बगीचा हवा होता, पोरांना खेळायला. बापाच्या नावापुढचं ‘काबीज’ जुन्या उर्दू कागदात होतं. तेलुगूत नवी वही झाली तेव्हा ते कुठे सांडलं कुणास ठाऊक. रेशनकार्डावर पत्ता माळीपुरा, आणि माळीपुरा आता कुठल्या कागदावर नव्हता. उरलं काय, तर आत्ता लगत राहणाऱ्या शेजाऱ्याचा जबाब. शेजाऱ्याने सांगायचं की ही बाई इथे राहते. बस. एवढ्यावर आमचं घर टिकणार होतं.

मायला काडीची चिंता नव्हती. “आपली शेजारीन हाये ना,” म्हणाली. “दहा वर्साचा घरोबा हाये.”

पंचनाम्याला तहसीलचे गिरदावर आले ते थेट बंगल्यावर. व्हरांड्यात खुर्ची, चहा, बिस्किटं. माय पायरीखाली उभी, धुतलेलं लुगडं नेसून, तेच, पेटीतलं. मी तिच्या बाजूला. तेव्हा मी वीस वर्षांची होते.

गिरदावरांनी तेलुगूत बाईला विचारलं, हिला ओळखता का?

“ओळखते म्हणजे काय!” बाई अगदी मनापासून म्हणाली. “आमची कूरगायलम्मा. दहा वर्षं भाजी विकायला येते. फार प्रामाणिक. कधी भावावरून घासाघीस केली नाही.”

“राहते कुठे?”

“खेड्यावरून येत असेल कुठूनतरी. मागे ते टिनाचं आहे ना, तिथे तिचं सामान असतं.”

ती खोटं बोलत नव्हती हो. खोटं बोलली असती तर मी तिच्या झिंज्या धरल्या असत्या, मला बरं वाटलं असतं. ती भिंतीच्या पलीकडे कधी आलीच नव्हती. गच्चीवरून तिला आमचं टिन दिसायचं आणि त्याखाली माणसं असतील हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

मायला ‘कूरगायलम्मा’ एवढंच ऐकू आलं. म्हणजे भाजीवाली. बाई तिला त्याच नावाने हाक मारायची, मायला ते लाडाचं वाटायचं. मला कोपराने ढोसून म्हणाली, “काय म्हनून राह्यली?”

मी पुढे झाले. माझ्या चांगल्या, कॉलनीतल्या तेलुगूत बोलले. आम्ही इथेच राहतो, मी ह्याच घरात जन्मले, बापाने विहीर खणली. गिरदावर म्हणाले, तू घरची, तुझं चालत नाही, शेजाऱ्याचं पाहिजे. मी म्हणाले, ह्या शेजारीच आहेत. ते म्हणाले, अम्मा, भाजीवाली शेजारी कशी होईल? मी म्हणाले, ती विकत नव्हती! वानोळा देत होती!

“म्हणजे काय?” त्यांनी विचारलं.

दहा वर्षं झाली होती, बारावी झाले होते, तरी मला त्याला शब्द येत नव्हता. मी सांगत सुटले, पहिला तोडा, शेजार, रिकामं भांडं. बाई हळूच म्हणाली, रागाने नाही, खरंच गोंधळून, “पण पहिल्या दिवशी तूच तर सांगितलंस ना, दोन रुपये?”

गिरदावरांनी पेन उचललं आणि लिहिलं. इथे राहत नाही, भाजी विकायला येते. बाईने खाली सही केली.

“काय म्हनाली वं?” माय पुन्हा.

“म्हनाली, लय चांगली हाये तू.”

“म्या सांगतलं नोतं तुले?”

महिनाभरात नोटीस आली. आम्ही भीमपूरकडे मामाच्या गावाला जायचं ठरवलं. मायने माणसांना शिव्या घातल्या, सरकारला घातल्या, विहिरीच्या काठावर बसून ढसाढसा रडली. पण बंगल्याच्या नावाने एक वाकडा शब्द नाही. तिच्या हिशेबी शेजारणीने आपल्याकडून सगळं केलं होतं आणि हपिसातल्या लोकांनी मातेरं केलं होतं. मी तिला खरं सांगायचं रोज ठरवत होते.

निघायच्या सकाळी बैलबंडी भरली तेव्हा माय दिसेना. वाडीत होती. अंबाडी कोवळी आली होती, खुडून गंजात भरत होती.

“माय, काय करतं? निंगाचं हाये.”

“आलीच. तिले देऊन येतो. आपल्यामांगं तोडून फेकतीन थे.”

कॉलनीला वळसा घालून ती गेली. मी बंडीशी उभी होते. मामाची बैलं अवघडून पाय आपटत होती. बऱ्याच वेळाने ती गंज छातीशी धरून परत आली, डोळे पुसत आली. गंज माझ्यापुढे वाकडा केला. तळाशी नाणं होतं.

“पाय,” म्हणाली, “आपन जाऊन राह्यलो, तरी रिकामं भांडं नाई देल्लं तिनं.”

मी म्हणाले, “हाव माय.”