काळा दोरा बांधलेला डबा

फाल्गुनात मुंग्या दरवर्षी निघतात, त्यात नवल नाही. पण लेक पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली, त्या वर्षी त्या घरातच शिरल्या. वराळ्यात आमच्या घरामागचं रान बिल्डिंगवाल्यांनी घेतलं होतं आणि होळीच्या आधीपासून तिथं जेसीबी चालला होता. बिळं उकरली गेली की मुंग्या जाणार कुठं? आमच्या भिंतीला लागल्या. लाल, बारीक, चावऱ्या. साखरेच्या डब्याकडे त्या फिरकल्या नाहीत. दुधाचा वास येईल तिथं जायच्या, आणि दुधाचा वास बाळंतिणीच्या खोलीत होता. नात बावीस दिवसांची होती.

खाटेच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी पोर किंचाळली. दुपटं सोडलं तर मानेच्या वळीत मुंग्या. वर पाहिलं, तर मच्छरदाणीच्या दोरीवरून रांग खाली उतरत होती. पाण्याचं मला सुचलं होतं, दोरीचं सुचलं नव्हतं.

मुलानं तळेगावच्या खताच्या दुकानातून मुंग्यांची पावडर आणली. कागदी पाकीट होतं. हातानं टाकली की नखांत राहायची आणि त्याच हातांनी पोरीला उचलायचं. म्हणून मी टाल्कम पावडरचा रिकामा डबा घेतला, सुरीनं टोपण उचकटलं, पावडर भरली आणि टोपण बसवलं. भोकांतून बारीक, सारखी पडायला लागली. मला माझंच कौतुक वाटलं. पाकीट बंबात घातलं.

पोरीचा पावडरचा डबाही तसाच होता. मग ओळख राहावी म्हणून विषाच्या डब्याच्या गळ्याला काळा दोरा बांधला. माझ्या मनानं काळा म्हणजे हात लावू नको. लेकीला सांगितलं, मुलाला सांगितलं. पोरीला न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईला सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाळंतिणीच्या खोलीत भिंतीकडेनं पावडर टाकत होते, तेवढ्यात दूध उतू जायला लागलं. डबा खिडकीत ठेवून पळाले. बाई आली होती. तिचं तोंड आल्यापासून चालू असायचं.

"आक्का, नातीला बघाया सगळं गाव येऊन गेलं. मुंग्याच राहिल्या व्हत्या, त्या बी आल्या."

"तू आपलं तेल लाव. बडबड नंतर कर," मी आतून म्हणाले.

"लावते की. पोरगी गोरी न्हाई झाली तर मलाच बोलाल."

लेक परसात गेली होती. मी शेगडीवर ओवा टाकून धुरी घेऊन खोलीत आले. न्हाणं झालं होतं. बाई पोरीच्या काखेत, मांड्यांच्या सांध्यात पावडर चोळत होती. तिच्या हातातल्या डब्याला दोरा होता.

"हा डबा कशाला घेतलास गं?"

"दोरा बांधलाय न्हवं? म्हनलं पोरीचाच आसंल."

पोरीच्या मनगटाला काळा दोरा, पायाला काळा दोरा, झबल्याच्या पिशवीलाही काळा दोरा. दृष्ट लागू नये म्हणून मीच बांधलेले. बाईनं चुकीचं काही केलं नव्हतं.

पोरीला पुन्हा पाण्याखाली धरलं. पण अंगाला तेल होतं, पावडर चिकटून बसली होती. तीनदा साबण लावला. आधी ती खूप रडली. मग रडायची थांबली. तेव्हा मी घाबरले.

मुलानं गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पावडर कोणती?" मी डबा पुढं केला.

"आजी, यावर टाल्कम लिहिलंय."

"आतलं येगळं हाय."

"मग पाकीट कुठंय?"

"जाळलं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा पोरीकडं वळल्या. औषधाचं नाव कळल्याशिवाय त्यांना पुढं नीट चालता येईना. मुलगा दुकानावर गेला. त्या दिवशी दुकान बंद. दुकानदाराचं घर शोधून नाव आणेपर्यंत दीड तास गेला. तेवढा वेळ पोरीच्या तोंडातून लाळ गळत होती आणि हातपाय ओल्या फडक्यासारखे लोंबत होते. लेक भिंतीला टेकून उभी होती. मला तिच्या शेजारी जाऊन उभं राहायचं धाडस झालं नाही.

पोर वाचली. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं.

आळीत सगळे न्हाऊ घालणाऱ्या बाईला नावं ठेवत होते. दोन घरांनी तिला यायला बंदी केली. मी दोन्ही घरी जाऊन सांगितलं, डबा मी भरला, दोरा मी बांधला, तिला बोलू नका. एका घरानं ऐकलं. दुसऱ्या घरानं चहा दिला आणि दुसरी बाई ठेवली.

सव्वा महिना व्हायला दहा दिवस होते, पण लेक घरी आल्या दिवशीच सामान बांधायला लागली.

"आजून धा दिवस हायेत," मी म्हणाले.

"माहितीये, आई."

"तिकडं तुझं करणारं कोण हाय?"

"कुणी नाही. मी करीन."

रिक्षा दारात आली. ती पोरीला घेऊन बसली. मी पोरीची पिशवी तिच्या हातात दिली. तिनं ती मांडीवर उघडली. तेलाची बाटली, ग्राइपवॉटर, पावडरचा डबा, एकेक करून बाहेर काढलं, प्रत्येकाचं टोपण उघडून वास घेतला आणि पुन्हा आत ठेवलं. माझ्यादेखत. रिक्षावाला थांबून पाहत होता.

मला राग आला नाही. तिच्या जागी मी असते, तर पिशवी घेतलीच नसती.