यायची वाट

आमच्या घरी चालायला जायची पद्धत नव्हती, कारण चालण्याशिवाय दुसरं वाहनच नव्हतं. घर आंबेगावच्या डोंगरात. आबा, म्हणजे माझे वडील, रानातून हिरडा गोळा करायचे आणि पोतं डोक्यावर घेऊन घाट उतरून बाजाराला जायचे. शाळा घाटाखाली, दवाखाना त्याच्याही पलीकडे, आणि आम्हा दोघा भावांत मिळून चपलांचा एक जोड. (त्याची शाळा सकाळची, माझी दुपारची. तो वर येताना आणि मी खाली जाताना अर्ध्या घाटात चपला माझ्या पायात यायच्या.) अशा घरातून मी शिकलो, इंजिनियर झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. ही गोष्ट मी लपवत नाही. कुणी विचारायच्या आधीच सांगतो.

शिक्षणाचा एक परिणाम असा, की घरात कुणाचं काही अडलं तर ते माझ्याकडे येतं आणि माझ्याकडून उत्तर घेऊनच जातं. ते उत्तर बरोबर असतंच असं नाही, पण ते ठाम असतं.

नोकरीमुळे मी बेंगळुरूला आलो. के. आर. पुरमला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आई गेल्यावर आबांना इकडे आणलं. ते तक्रार करणाऱ्यातले नव्हेत. फक्त रोज सकाळी खाली जाऊन पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून फेऱ्या मारायचे. वॉचमन रोज विचारायचा, "अज्जा, कौनसा गाडी?"

एक दिवस जेवता जेवता आबा म्हणाले, "सोमवारच्या गाडीचं तिकीट काढ माझं."

"का आबा? काय कमी आहे इथं?"

"कमी काय नाय. पाय ठेवायला जिमीन नाय. समदी फरशीच."

माझी बायको सुजाता मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "अहो, पावसाळा येतोय. मागच्या वर्षी ते परसात पडले ते शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळलं होतं. भाऊजीही आता गावात नसतात. एकटे कसे राहतील?"

मी तिकीट काढलं. पण सोमवारच्या आधी एक रविवार होता, आणि मला रविवारवर पूर्ण विश्वास होता. शहराच्या दक्षिणेला सरकारी जंगल आहे. त्यात लोकांना चालण्यासाठी वाटा आखून दिल्यात. ऑनलाइन नाव नोंदवायचं, फाटकावर पावती दाखवायची आणि पिवळे बाण बघत फिरून यायचं. आबांना रान दाखवलं की आबा राहिले, असं माझं गणित होतं.

"रानात जायला पावती?" आबांनी विचारलं.

"आबा, याला ट्रेल म्हणतात."

"म्हंजी?"

"पायवाट."

"मग पायवाट म्हन की."

रविवारी आम्ही निघालो. मी, सुजाता, आमची चार वर्षांची आर्वी आणि आबा. माझ्या पायात ट्रेकिंगचे बूट, हातात घडीची काठी, डोक्यावर मानेपर्यंत पडदा असलेली टोपी. आबांच्या पायात त्यांच्या नेहमीच्या वहाणा. फाटकावरच्या गार्डने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आबांना नमस्कार केला.

मग तो कन्नडमध्ये भराभर सूचना देऊ लागला. माझं कन्नड तसं वाईट नाही. 'सरी' म्हणजे बरं हे येतं, 'स्वल्प' म्हणजे थोडं हे येतं, आणि 'बेडा' म्हणजे नको हे भाजीच्या दुकानात चांगलंच कळतं. पण हाच 'बेडा' दुसऱ्या शब्दाला चिकटून आला की मला ओळखू येत नाही. शेवटी तो जंगलाकडे हात करून म्हणाला, "आने दारी होगबेडी."

"सरी, सरी," मी म्हणालो.

"काय म्हणाला?" सुजाताने विचारलं.

"काही नाही. जपून जा म्हणाला."

पहिला तासभर आबा नुसते बघत चालले. पिवळे बाण, बाकडी, कचऱ्याचे डबे. एका बाकड्यापाशी थांबून ते म्हणाले, "रान कुठाय?"

"हेच आहे आबा."

"आसं झाडून काढलंय व्हय." आणि पुढे चालू लागले. मला सोमवारची गाडी स्पष्ट दिसायला लागली.

तेवढ्यात एक फाटा लागला. पिवळा बाण डावीकडे, आणि उजवीकडे लाकडी खांबावर एक जुनी पाटी. पाटीवर फक्त कन्नड. इथं माझं शिक्षण कामाला आलं, कारण बसच्या पाट्या वाचून वाचून मी अक्षरं शिकलोय. (अर्थ हा पुढचा टप्पा होता.) मी मोठ्याने वाचलं, "आ... ने... दा... री."

"गार्ड हेच म्हणत होता ना?" सुजाता म्हणाली. "म्हणजे काय?"

"सोपं आहे. दारी म्हणजे वाट. आणि आने म्हणजे आने. आने-जाने मधलं. म्हणजे यायची वाट. इकडून परत यायचं."

"आने हिंदी ना? कन्नड पाटीवर हिंदी कशाला?"

"शब्द इकडेतिकडे जातात गं. आपण नाही का टेबल म्हणत?"

"मग जायची वाट कुठली?"

"जिच्यावरून आलो ती."

यात तिला चूक काढता येईना. मला आजही काढता येत नाही.

"आणि हे चित्र कसलं?" पाटीच्या वरच्या भागात पूर्वी काहीतरी रंगवलेलं होतं. उन्हापावसाने उडून आता नुसता राखाडी फुगा उरला होता.

"ढग," मी म्हणालो. "पाऊस आला तर याच वाटेने परता, असं सांगतायत."

आम्ही यायच्या वाटेने निघालो, आणि आबा बदलले. बाकडी संपली, डबे संपले, वाट मातीची झाली. आबांनी वहाणा काढून हातात घेतल्या. आई गेल्यापासून त्यांच्या चालण्यात असा झोक मी बघितला नव्हता.

"वाट रुंद हाये रं," ते म्हणाले.

"वयस्कर लोकांसाठी रुंद केलीय."

"आन् या फांद्या मोडल्यात."

"छाटल्यात, आबा. डोळ्यात जाऊ नयेत म्हणून."

पुढे चिखलात टोपलीएवढे गोल खड्डे होते, एका ओळीत. वृक्षारोपण, मी म्हणालो. त्याच्यापुढे वाटेच्या मधोमध शेण होतं. शेण म्हणजे पोवटा नव्हे, घमेलं उपडं केल्यासारखा ढीग. आबा त्याच्यापाशी उकिडवे बसले. त्यांनी काडीने उकरून बघितलं.

"ताजं हाये. केवढी म्हस आसंल रं ही."

"म्हैस नाही आबा, खत आहे. त्या खड्ड्यांत घालायला आणून टाकलंय."

"वाफ येतीय की खताला."

"सेंद्रिय आहे ना."

हत्ती त्यांनी जन्मात बघितला नव्हता. आमच्या डोंगरात बिबटे. तेव्हा आम्हा बापलेकांचं ज्ञान या बाबतीत सारखंच होतं. फक्त ते प्रश्न विचारत होते आणि मी उत्तरं देत होतो. त्यांनी सुजाताला रिकामी पिशवी मागितली. बाल्कनीतल्या तुळशीला हे एकदा घातलं की बघ, म्हणाले. तुळशीचं काय होतं ते बघायला माणूस थांबला पाहिजे, हे माझ्या लगेच लक्षात आलं. मी स्वतः पिशवीचं तोंड धरलं.

पुढच्या वळणावर तळं होतं. आर्वी माझं बोट ओढून म्हणाली, "बाबा, गणपती."

"कुठे?"

"तो काय. पाण्यात."

तळ्याच्या पलीकडच्या काठाला, पाण्यात गुडघाभर, खरोखर काहीतरी मोठं, राखाडी उभं होतं. "जुनी मूर्ती असेल," मी म्हणालो. "पुरातन." आबांनी टोपी काढून हात जोडले. सुजाताने पदर सारखा केला.

मग मूर्तीने कान हलवला.

मूर्तीने सोंड भरून पाणी घेतलं आणि स्वतःच्या पाठीवर सोडलं. सुजाता अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो, हा तुमचा ढग."

मी शिकलेला माणूस. संकटात काय करायचं हे मी वाचलेलं आहे. पण वाचलेलं आठवायच्या आत माझे बूट वळले आणि मी शेजारच्या टणटणीच्या झुडपात छातीपर्यंत गेलो. टोपीचा पडदा काट्यांत, काठीची घडी आपोआप मिटलेली.

आबांनी आर्वीला कडेवर घेतलं. हात जोडता येईनात म्हणून मान झुकवली आणि तोंड हत्तीकडे ठेवूनच ते एकेक पाऊल मागे यायला लागले. सुजाता त्यांच्या मागोमाग. मला ते जाता जाता म्हणाले, "भाईर निघ. आन् देवाला पाठ दावू नको."

तर आम्ही सगळे उलटे चालत पाटीपाशी परत आलो. यायच्या वाटेवरून तोंड जायच्या दिशेला ठेवून आलेलं आमचं पहिलंच कुटुंब असणार. पाटीपाशी गार्ड उभा होता. आम्ही दिसेनासे झालो म्हणून शोधत आला होता.

"सर, आने दारी अंत हेळिदेनल्ला," तो कळवळून म्हणाला. मी सांगितलं होतं ना, तिकडे जाऊ नका म्हणून, अशा सुरात.

"आने म्हणजे?" मी विचारलं.

त्याने हात नाकाला लावून पुढे झुलवला. "हाथी, सर. हाथी का रास्ता. पूरा फॅमिली आता है इधर से."

परतताना टॅक्सीवाल्याने एकदा काच खाली केली आणि मागच्या पिशवीबद्दल विचारलं. माझ्या डोक्यात सोमवार होता. बापाला रान दाखवायला नेलं आणि हत्तीच्या पुढ्यात उभं केलं. आता कुठल्या तोंडाने राहा म्हणणार?

घरी आल्यावर आबा हातपाय धुऊन स्वयंपाकघरात बसले.

"ते तिकीट," ते म्हणाले.

"काढलंय आबा. खिडकीची जागा आहे."

"माघारी देता येतं का?"

"येतं की."

"मग दे. गावात जाऊन सांगायचं काय, येकच बघितला म्हनून? त्यो पोरगा पुरं कुटुंब येतं म्हनत व्हता." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आन् आजून तुळशीला घालायचंय."

सुजाता ओट्याकडे तोंड करून उगाच भांडी लावत होती. आबांनी सहज समोरच्या भिंतीकडे बघितलं. "ह्यो बघ की, हितंबी हाये."

भिंतीवर आर्वीचा कन्नड अक्षरांचा तक्ता होता. मल्लेश्वरमहून मीच आणलेला, पाणसळ लावून मीच सरळ टांगलेला. (सरळ आहे की नाही एवढंच बघितलं होतं.) पहिलं अक्षर अ. दुसरं आ. आ-च्या शेजारी हत्ती, आणि हत्तीखाली ठळक अक्षरांत 'आने'.

आबा राहिले. आता ते दर रविवारी पिवळ्या बाणांवरून गार्डच्या सोबतीने चालतात आणि पाट्या त्यालाच वाचायला लावतात. राहिला प्रश्न माझ्या शिक्षणाचा. आर्वीच्या शाळेत तेव्हा 'अ' चालू होता, म्हणजे त्या रविवारी मी माझ्या मुलीच्या पूर्ण एक अक्षर पुढे होतो. सोमवारी तिच्या बाईंनी 'आ' घेतला.