आत्याचे करकरीत युरो

एका पैशासाठीही कुणाची मिंधी न झालेली बाई या पृथ्वीवर कोण, असं मला विचारलं तर मी डोळे मिटून माझ्या घाटंजीच्या आत्याकडे बोट दाखवीन. एसटीत कुणी तिचं तिकीट काढलं, तर यवतमाळ येईपर्यंत ती त्याच्या खिशात पैसे कोंबत राहते. एकदा कळंबच्या चिंतामणीचं दर्शन घेऊन आल्यावर मी तिच्या चहाचे पैसे गुपचूप देऊन टाकले, तर तिने स्वतःच्या पैशाने दुसरा चहा मागवला आणि पहिलाही मलाच प्यायला लावला. बरं, पैसे कधी एका जागी ठेवणार नाही. थोडे कनवटीला, थोडे चष्म्याच्या घरात, थोडे पोळ्यांच्या डब्याखाली. तिला लुटायचं तर चोराला मुक्कामालाच यावं लागेल.

ही आत्या लेकीकडे जर्मनीला निघाली. चार वर्षांची नात तिने फक्त मोबाइलवरच पाहिलेली. जावई फोनवर म्हणाला, "आई, पैसे आणूच नका, मी आहे ना." झालं! "जावयाच्या पैशानं फिरू काय मी?" म्हणत ती मला घेऊन यवतमाळच्या बँकेत हजर. तिथल्या साहेबांनी समजावलं, नेहमीचं कार्ड परदेशासाठी चालू करून घ्या, किंवा युरो भरलेलं वेगळं कार्ड न्या. आत्याने दोन्ही केलं. एक कार्ड पर्समध्ये गेलं, दुसऱ्यासाठी पोलक्याला आतून खिसा शिवला. निघेपर्यंत दर बाजाराच्या दिवशी एटीएममधून शंभर रुपये काढायची, कार्डाची सवय मोडू नये म्हणून. मी नुसता थक्क होऊन पाहत होतो. पण वर तिला रोख युरोही हवे होते, आणि तेही करकरीत.

"आता कायले रोख, बाई? तिकडं सारं कार्डावरच होते," साहेब म्हणाले.

"नातीचं तोंड पाहीन तं तिच्या हातावर काय ठेवू, कार्ड?"

साहेबांनी कोऱ्या नोटांची सोय केली.

ती जर्मनीहून परत आल्यावर मी त्या नोटांचं काय झालं विचारलं, तर आत्या म्हणाली, "तिनं नोट कधी पाह्यलीच नव्हती, बाबू. तिले कागदच वाटला. पेन घेऊन बसली अन् त्याच्यावर मले काढलं, हे एवढं मोठं कुंकू. अन् मलेच देऊन टाकलं."

"मग?"

"घेतलं."

जन्मात कुणाचं काही न घेतलेल्या माझ्या आत्याला हे फेडायचं कसं, ते अजून सुचलेलं नाही. पुन्हा एकदा जायला हवं म्हणते, आणि मग गुडघ्यांवरून हात फिरवत बसते.