तिसऱ्या कॅमेऱ्यातली बाई

कुणावर लिहावं एवढी माझी तयारी नाही. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. पनवेलच्या एका स्टुडिओत मी सबटायटल टाइप करते. शेजारच्या टेबलावर एडिटर दादा बसतात.

तीन कॅमेऱ्यांचा पॉडकास्ट ते एआयला देतात. जो बोलतो त्याचा चेहरा एआय आपोआप लावतं, दहा मिनिटांत. मग दादा आवाज बंद करून सगळं पुन्हा बघतात. "आवाज बंद केला की माणसं नीट दिसतात," म्हणतात.

मागच्या आठवड्यात मोरा बंदरावरचे एक म्हातारे तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, बायकोला घेऊन मुलाखतीला आले. ते तासभर बोलले. ती तिसऱ्या कॅमेऱ्यासमोर गप्पच होती, पण त्यांचं काही चुकलं की बोटं हलवायची, आणि ते लगेच सुधारून सांगायचे. एआयने तिला एकदाही दाखवलं नाही. दादांनी दोन दिवस खपून तिला हाताने व्हिडिओत घेतलं.

स्टुडिओचे मालक, आमचे सर, चिडले. "ती पाहुणी नाहीये. मी एआयचाच व्हिडिओ टाकणार. परत असा वेळ घालवलास तर दुसरा माणूस बघेन."

"बघा सर. पण मुलाखत दोघांची आहे."

चार दिवस सरांनी व्हिडिओ टाकलाच नाही. दादा रोजच्यासारखे काम करत राहिले, फक्त फोन सारखा उचलून बघायचे. काल तो वाजला. स्पीकरवर तीच बाई होती.

"मी तं काय बोललीच नाय, मना कशाला दाखवलास रे एवढा? सगला कोळीवाडा हसतंय."

सरांनी कुठला व्हिडिओ टाकला, ते दादांना असं कळलं.