खोक्याबाहेर राहिलेले बोल्ट

शनिवार, ७ ऑक्टोबर २००६. एका खोक्याचं जर्मनीतून फिलिपिन्समधल्या एका गावातल्या घराच्या दारापर्यंतचं भाडं नव्वद युरो. ते पैसे आमच्या वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी आदल्या संध्याकाळी पाकिटात घालून माझ्याकडे दिले होते. हजर: मी, माझी बायको, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेले माझे सासरे आणि दहाच्या सुमारास खोकं न्यायला आलेला ड्रायव्हर. ज्यांचं खोकं होतं त्या बाई हजर नव्हत्या. त्यांची सकाळची ड्युटी होती.

आम्ही तेव्हा झिंडेलफिंगेनला राहत होतो. मी मोटारींच्या कारखान्यात सुटे भाग तपासायच्या विभागात होतो. बाईंशी ओळख झाली ती केरवोखमुळे. त्या भागात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी आठवड्याआठवड्यानं एकेका घराकडे येते आणि पाळीची पाटी दाराला अडकवून जातात. आम्ही नवीन असताना पाटीचा अर्थच कळला नव्हता. आमच्या वाटचा जिना बाईंनी न बोलता पुसला आणि मग दार वाजवून म्हणाल्या, "या वेळी मी केलं. पुढच्या वेळी खालचे आजोबा तुमची तक्रार लिहितील." तेव्हापासून येणंजाणं सुरू झालं.

बाई सत्तरच्या दशकात, बाविसाव्या वर्षी जर्मनीत आल्या होत्या. आधी इस्पितळात, नंतर वृद्धाश्रमात नोकरी. नवरा जर्मन, तो वारलेला. मूलबाळ नाही. आई गावी, भाच्याबरोबर. नाताळला सुट्टी त्या मागत नसत, कारण लहान मुलं असलेल्या नर्सना ती हवी असे आणि आपल्याला कोण आहे इथे, असा त्यांचा हिशेब. अशी अकरा वर्षं नाताळला त्या घरी गेल्या नव्हत्या. त्यांच्याऐवजी खोकं जायचं.

त्यांच्या लोकांत ही रीतच आहे. परदेशात राहणारा माणूस कमरेएवढं पुठ्ठ्याचं खोकं दिवाणखान्यात उघडं ठेवतो आणि महिनोन् महिने भरतो. आम्ही पुण्याला जायची बॅग दोन संध्याकाळींत भरून मोकळे होतो. बाई सहा महिने भरत. सेलमधला साबण आला की गेला खोक्यात. कॉफी, टॉवेल, चॉकलेट, मांसाचे डबे, धुण्याची पावडर, कुणा चुलतभावाच्या मुलीसाठी शाळेचे बूट. वस्तू आत ठेवताना त्या माणसाचं नाव घेत. माझी बायको एकदा म्हणाली, "साबण तर तिकडेही मिळत असेल ना?" त्या म्हणाल्या, "मिळतो की. पण त्याला माझ्या घराचा वास नसतो."

त्या वर्षी खोक्यात मुख्य वस्तू वेगळी होती. जूनमध्ये त्यांची आई न्हाणीघरात पडली. वय एकोणऐंशी. खुब्याचं हाड जुळलं, पण त्यानंतर म्हातारी भिंत धरून चालायची आणि भिंत संपली की थांबायची. घरासमोरच्या गल्लीच्या टोकाला चर्च. नाताळच्या आधी नऊ दिवस तिथे पहाटेची प्रार्थना असते, अंधार असतानाच सगळं गाव जातं. म्हातारीनं आयुष्यात ती चुकवली नव्हती. फोनवर ती लेकीला म्हणाली होती, "या वर्षी मी खिडकीतूनच ऐकीन." बाईंनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा चहाचा कप हातात होता. म्हणाल्या, "मी रोज सकाळी चार म्हाताऱ्यांना हात धरून नाश्त्याला नेते. चौघी दुसऱ्यांच्या आया. माझी भिंत धरते."

म्हणून त्यांनी रोलेटर घेतला. म्हाताऱ्या माणसांनी पुढे ढकलत चालायची चार चाकांची गाडी असते ती. हाताशी ब्रेक, दमल्यावर टेकायला छोटी बैठक. वृद्धाश्रमातल्या एक आजी वारल्या, त्यांच्या मुलाकडून चाळीस युरोला मिळाला. उत्तम स्थितीतला. पण खोक्यात बसेना. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही खोकं लिफ्टनं आमच्या घरी आणलं आणि बाई मला म्हणाल्या, "तुम्ही इंजिनिअर. बसवा."

मी पुढची चाकं आणि हँडल सोडवली. चार बोल्ट, नट, वॉशर एका प्लास्टिकच्या पिशवीत घातले. पिशवी सर्वांत शेवटी, वर ठेवायची असं ठरवलं, म्हणजे खोकं उघडताच हाताला लागेल. तोवर ती जेवणाच्या टेबलावर ठेवली.

सकाळी सासऱ्यांनी खोक्याभोवती एक फेरी मारली. त्यांची सगळी नोकरी पोस्टात पार्सलच्या खिडकीवर झाली होती. न्हाणीघरातला वजनकाटा आणून आम्ही दोघांनी खोकं कसंबसं त्यावर चढवलं. काटा अठ्ठावन्नवर थांबला.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "हे पार्सल नाही, हा गुन्हा आहे."

"बाबा, त्या म्हणाल्या वजनाचं काही नसतं."

"वजनाचं काही नसतं असं पार्सल माझ्या खिडकीवर एकही आलं नाही. ती बिचारी नर्स. तिला काय माहीत पार्सलातलं? माणूस दारातून परत पाठवेल, मग बसा."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तिलाच विचारा की फोन करून!"

"ड्युटीवर फोन घेत नाहीत त्या."

खरं सांगायचं तर मला सासऱ्यांचंच पटलं होतं. दर पुणेवारीत आम्ही वीस किलोची भीती बाळगून बॅग भरलेली. स्प्रिंगचा काटा हातात धरून दोघं नवराबायको भांडलेलो. एकदा विमानतळावर जमिनीवर बसून बॅग उघडली होती आणि मेहुण्याचे बूट पायात घालून विमानात बसलो होतो. खोकं कितीही जड चालतं, हे असल्या माणसाच्या डोक्यात शिरतच नाही. आम्ही डबे काढायला लागलो. मग साबण. मग पावडरीचे खोके. सोफा भरला. सासरे एकेक वस्तू तळहातावर तोलून सांगत, "हा पाऊण किलो. हा काढा."

काटा तिशीवर आला तेव्हा बेल वाजली.

ड्रायव्हर बाईंच्याच देशाचा, ठेंगणा, घाईत. सोफ्याकडे बघून त्यानं विचारलं, "हे दुकान कुणाचं?"

सासऱ्यांनी पोस्टातल्या इंग्रजीत सांगितलं, "ओव्हरवेट. वी आर रिड्यूसिंग."

तो हसायला लागला. इतका हसला की दाराला टेकला. "आजोबा, पैसे खोक्याचे असतात! वजनाचे नाहीत. जहाजानं जातं ते. दगड भरा, नव्वदच." मग घड्याळ बघून त्याचा चेहरा बदलला. "पण लवकर. गाडी दुसऱ्याच्या जागेत लावलीय आणि अजून बरीच घरं बाकी आहेत."

मग जे झालं त्याला भरणं म्हणता येणार नाही. चौघं मिळून कोंबत होतो. सासरे डबे फेकत होते, मी झेलत होतो, बायको साबण फटींतून सारत होती आणि ड्रायव्हर झाकणावर गुडघे टेकून टेप ओढत होता. पाकीट घेतलं, पावती दिली, हातगाडीवर खोकं चढवलं आणि गेला. सासरे खुर्चीत बसले. "वजन बघत नाहीत! यांचं खातं चालतं तरी कसं?"

जेवणासाठी बायकोनं टेबलावरचा पेपर उचलला. खाली बोल्टांची पिशवी होती.

पावतीवरचा नंबर दिवसभर लागला नाही. सोमवारी लागला, तोवर खोकं बंदराच्या वाटेला लागलेल्या कंटेनरमध्ये होतं.

बाईंना मी शनिवारीच जिन्यात गाठून सांगितलं. कोट अंगातच होता त्यांच्या. ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यांच्याशिवाय उभा राहणार नाही का?"

"पुढची चाकंच बसणार नाहीत. आणि कशीतरी बसवून भार टाकला तर दुमडेल."

"गेनाऊ," त्या म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर. "मग पाठवू या. खोक्याला दोन महिने लागतात. पाकीट आधी पोचेल." आणि आमच्या दारात उभ्या असलेल्या सासऱ्यांना म्हणाल्या, "लोलो, तुम्ही जेवलात ना?" लोलो म्हणजे त्यांच्या भाषेत आजोबा. सासरे जेवले नव्हते.

सोमवारी बोल्ट रजिस्टर्ड पोस्टानं गेले. टपालखर्च सासऱ्यांनी दिला, मला देऊ दिला नाही. महिनाअखेरीला ते पुण्याला परतले आणि दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न एकच असे: "पोचलं का पाकीट?"

पाकीट पोचलं नाही. नोव्हेंबर गेला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खोकं मात्र व्यवस्थित पोचलं. भाच्यानं उघडलं, गल्लीतल्या सगळ्या घरांत साबण आणि चॉकलेटं वाटली गेली आणि रोलेटरचा सांगाडा भिंतीला टेकून ठेवला. म्हातारी त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसली, असं बाईंनी सांगितलं.

भाच्यानं बाईंमार्फत विचारलं, इथलेच बोल्ट घालू का? मी नाही म्हणालो. माझं कामच ते. एक बोल्ट ढिला झाला तर काय होतं हे मी रोज बघत होतो. इथे तर खुबा मोडलेली बाई, अंधार, खडबडीत गल्ली. जाडी चुकीची असेल, नट कंपनानं सुटेल, ती पुन्हा पडेल आणि ते माझ्या सांगण्यानं झालेलं असेल. नवे बोल्ट विकत आणून मी दुसरं पाकीट पाठवलं, पण ते सोळा तारखेच्या आत पोचणार नाही हे दिसतच होतं. प्रार्थना सोळाला सुरू होणार होत्या.

"तुमचं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "मीसुद्धा वृद्धाश्रमात असल्या गाडीवर कुणाला चालू दिलं नसतं." मग जिना चढता चढता थांबल्या. "पण तिला हे कोण सांगणार?"

माझी बायको त्या आठवड्यात माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. एकदाच म्हणाली, "एवढं मोठं मोटारींचं गाव, आणि एका म्हातारीची गाडी अडलीय."

सोळा डिसेंबरही शनिवारच होता. सकाळी बेल वाजली. दारात बाई, अंगात घरातला झगा, कानाला फोन. त्या रडत होत्या. मला वाटलं, पडली.

"गेली," त्या म्हणाल्या. "चर्चला! चालत!"

झालं होतं असं. आदल्या दिवशी भाचा आमचं कुणाचंच न ऐकता सांगाडा घेऊन वेल्डरकडे गेला. तिकडे मोटरसायकलला बाजूला टपाची गाडी जोडून रिक्षा करतात. हा वेल्डर त्या गाड्या बनवणारा. त्यानं भोकात बोट घातलं, डबा चाळला आणि टप जोडायला वापरतो तेच बोल्ट काढले. बसवले. मग स्वतः हँडलवर ओणवा झाला, वर आपल्या दोन पोरांना बैठकीवर बसवलं आणि अंगणात गरागरा फिरवलं.

मी फोन हातात घेतला. भाच्याला इंग्रजी येत होतं. "नट कसले लावलेत?"

"आतून नायलॉनचा पट्टा असलेले. सुटत नाहीत."

"नक्की?"

पलीकडे त्यानं कुणाला तरी विचारलं. हसण्याचा आवाज आला. "वेल्डर इथेच आहे. तो म्हणतो, त्या जर्मन साहेबाला सांग, माझ्या टपात या रस्त्यावरून सात माणसं जातात. आजी एकटीच आहे."

मी जर्मन नाही हे सांगायचं राहून गेलं. फोन म्हातारीकडे गेला, मी तो बाईंना दिला. त्या ऐकत होत्या आणि मधेच मोठ्यानं हसल्या. "ती म्हणते, ब्रेक फार कडक ठेवलेत. चर्चच्या दारात गाडी थांबली ती थांबलीच, मागे रांग लागली. पाद्री बाहेर आले बघायला."

बाई तिथेच पायरीवर बसल्या. बायकोनं चहा जिन्यातच आणून दिला. खालचे आजोबा बाहेर डोकावले, जिन्यात बसायची परवानगी नसते, असं काहीतरी म्हणणार होते. बाईंचा चेहरा पाहून नुसतं "मोर्गन", म्हणजे सुप्रभात, म्हणाले आणि दार लावून घेतलं. मला त्या दिवशी कित्येक आठवड्यांनी पाठ सैल झाल्यासारखी वाटली. वेल्डरनं जे करून पाहिलं, तेच मी कारखान्यात यंत्रावर केलं असतं. पोरांऐवजी वाळूच्या पिशव्या, एवढाच फरक.

पुण्याला फोन लावला. तिकडे दुपार होती.

"चालली का म्हातारी?"

"चालली, बाबा."

फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग आत कुणाला तरी म्हणालेले ऐकू आले, "अगं, वाढ गं. आणि आज भात जरा जास्त घाल."

ती नऊही दिवस गेली. दोन्ही पाकिटं जानेवारीत एकाच दिवशी पोचली. आठ बोल्ट. भाच्यानं ते वेल्डरला दाखवले. त्यानं "चांगले आहेत" म्हणून डब्यात टाकले; गाडीचे बदलायची गरज नाही म्हणाला. मीही आग्रह केला नाही.

वेल्डरला काय दिलं, हे मी बाईंना विचारलं, कारण तो खर्च माझ्याकडचा होता. तो काही घ्यायलाच तयार नव्हता म्हणे. भाच्यानं खिशातलं पैशांचं पाकीट काढलं तर म्हातारीनं त्याचा हात बाजूला केला. गाडी माझी, मजुरी मी देईन, म्हणाली. मी हिशेब केला, पैसे एका युरोच्या आतच होते. नाणं बाईंपुढे धरलं, त्यांनी माझी मूठ मिटवली. "ते तिचे गेलेत," म्हणाल्या. "तिच्याकडून काढून घेऊ नका."

एकूण साठ पेसो. वेल्डरला. म्हातारीनं, स्वतःच्या बटव्यातून, चर्चमधून घरी परतताना त्याच्या अंगणात गाडी उभी करून.