जाऊबाईचा फोटो अन् कापसाचा ढीग

ये वं पोरी, अशी जवळ ये. फोनातून का होईना, कान इकडं कर. तुले रागवायचं आहे मले. दिवाळीत कॅमेरा माह्या हाती दिला अन् जाता जाता काय म्हणालीस? "मावशी, डायल ऑटोवरच ठेवजो, बाकी कशाले हात लावू नको." काऊन वं? शिलाई मशीन मी आपल्या आपण शिकली, स्कुटी शिकली, अन् एक चकती फिरवता येणार नाई मले? ऐक आता.

तुह्या शब्दाखातर पुष्कळ दिवस ऑटोवरच काढले. कोंबडी, झेंडू, गच्चीवरचे पापड, सगळं झकास. किती उजेड घ्यायचा ते कॅमेराच ठरवणार, आपण नुसतं बटन दाबायचं. गाडी अडली ती हिंगणीच्या मोठ्या जाऊबाईपाशी.

तिचा रंग तुले माहीतच आहे, चांगला काळा. फोटोत तिचं तोंड कधी आलंच नाई. सख्ख्या पोराच्या लग्नाच्या अल्बमातही लुगडं दिसते, बांगड्या दिसतात, तोंडाच्या जागी अंधार. तेव्हापासून कोणी फोटो म्हटलं की ती उठून चुलीकडं जाते. "माह्या जागी तवा ठेवा," म्हणते, "फोटो तसाच येते." सगळे हसतात. तीही हसते, पण फोटोत काही येत नाई.

या हिवाळ्यात मी तिच्या घरी गेली तं समोरची खोली कापसानं आढ्यापर्यंत भरलेली. भाव वाढेपर्यंत घरातच ठेवतात ना आपल्याकडं. दारातून ऊन आत आलेलं, कापूस नुसता चमकून राह्यला, त्याचाच उजेड खोलीभर. म्हटलं, बाई, बसा इथं. लई विनवण्या केल्या तेव्हा बसली.

"हा शेवटचा," म्हणाली. "यातही तवा निघाला तं पुन्हा मले म्हणू नको."

ऑटोवर काढला. तवाच! अन् कापूसही मळकट, पाण्यात भिजल्यासारखा. मग डोक्यात उजेड पडला. आपण कोणाले पाहून राह्यलो, हे त्या यंत्राले काय ठाऊक? समोर एवढं पांढरं दिसलं, त्यानं घाबरून उजेडच कमी केला, अन् बिचारीचं तोंड त्यात बुडालं.

फिरवली चकती, आणली एमवर. तिथं सगळं आपल्यालेच ठरवावं लागते. उजेड जास्त यावा म्हणून शटर हळू केलं तं सगळंच दुधात बुडालं.

"आता तं मी भूत झाली," जाऊ म्हणाली अन् उठाले लागली.

"बसा हो बाई, हलू नका!" मी ओरडलीच. शटर जरासं जलद केलं. कापसाकडं पाह्यलंच नाई, तिच्या गालावरचा उजेड तेवढा पाह्यला, श्वास धरला अन् दाबलं.

आलं वं पोरी, आलं! कपाळावरचं गोंदण आलं, नाकातली फुली आली, डोळ्यांजवळच्या सुरकुत्या आल्या. अन् रंग तिचा तिचाच, उगाच गोरा केलेला नाई. मी तं खोलीभर नाचली.

आवाज ऐकून भासरे चष्मा लावून आले. तिचे मालकच ते, त्यांनी आधी आपला कापूसच पाह्यला. "यात कापूस कुठं आहे? नुसतं पांढरं फटक!"

"कापूस तुमाले दरवर्षी दिसते," जाऊ म्हणाली. "मी आजच दिसली."

भासऱ्यांनी फोटो पुन्हा एकदा पाह्यला. मग हळूच मले म्हणाले, "मोठा करून आणजो. भिंतीवर लावू."

अन् जाऊ? पदर सारखा करून पुन्हा जागेवर बसलेली! "अजून एक काढ." आता मी आपल्या घरून, केळझरहून, निघाली की तिचा फोन येते, कॅमेरा घेतला का? अन् पोरी, तुह्यासंगं एक फोटो पाहिजे म्हणते, तुह्या हातात हात घेऊन, त्याच जागी.

पण भासऱ्यांच्या मनासारखा भाव आला की ढीग गाडीत भरला जाईल, अन् मग ती खोली पुन्हा अंधारी. त्याच्या आधी ये वं पोरी. येत्या रविवारीच ये. तू नुसती तिच्याजवळ बस, चकती मी फिरवीन.